खोडरबर जरा बाजूला ठेवा

महाराष्ट्रातल्या शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांचे गुण देणाऱ्या सर्व शिक्षकांस, आणि विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाणाऱ्या सर्वांस,



थंडी ओसरायला लागली की तुमची धावपळ सुरू होते, हे मला ठाऊक आहे. कुठल्या कॉलेजची ऑर्डर आली, सकाळची कुठली एसटी धरायची, किती बॅचेस आहेत, उपकरणं धड आहेत का. प्रयोगशाळेच्या दारात मुलं जर्नल छातीशी धरून उभी असतात. आत लॅब असिस्टंट शेवटचा सेल तपासत असतो आणि तुमच्यासाठी चहा सांगितलेला असतो. मीही तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, अनेक कॉलेजांत एक्स्टर्नल म्हणून गेलो. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसाचं नाही. ज्या चुकांबद्दल लिहितो आहे, त्यांतल्या बऱ्याच माझ्या स्वतःच्या आहेत.

एक विनंती करायची आहे. ती सांगण्याआधी एका आकड्याबद्दल बोलू.

तो आकडा म्हणजे ९८१. लोलकाचा प्रयोग केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून गुरुत्व त्वरण विचारा. 'नऊशे एक्याऐंशी' हेच उत्तर येईल. जर्नलमध्येही तेच असतं. वर्गातल्या साठ मुलांपैकी पन्नास जणांचं ९८१, धीट असतील त्यांचं ९८० किंवा ९८२. गंमत अशी की हा आकडा महाराष्ट्रात कुठेच नाही. तो पॅरिस-लंडनच्या अक्षांशांवरचा आहे. विषुववृत्ताकडे पृथ्वी किंचित फुगलेली आहे, शिवाय तिच्या फिरण्याचा परिणामही तिकडे जास्त, त्यामुळे आपल्याकडे मूल्य कमी भरतं. मुंबईत समुद्रकाठी ते ९७८.६ च्या आसपास आहे. पुण्यात उंचीमुळे आणखी जरासं खाली. कोकणापासून विदर्भापर्यंत कुठेही लोलक टांगा, खरं मूल्य ९७८ ते ९७९ च्या दरम्यानच राहणार. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपली मुलं आपल्या गावात लोलक हलवून दुसऱ्याच गावाचं उत्तर काढत आली आहेत.

तुम्ही म्हणाल, तीनचा तर फरक, शाळेच्या लोलकाला तो कुठे कळणार? अगदी बरोबर, आणि माझा मुद्दा तिथेच सुरू होतो. एक मीटर लांबीचा लोलक घ्या. मूल्य ९७८.४ असेल तर वीस आंदोलनांना ४०.१७ सेकंद लागतात. ९८१ असेल तर ४०.१२. फरक पाच शतांश सेकंदाचा. स्टॉपवॉच सुरू करायला आणि थांबवायला मुलाचा अंगठा लागतो, आणि अंगठा दोन दशांश सेकंद सहज इकडेतिकडे करतो. तेवढ्या चुकीने उत्तर ९६९ येईल किंवा ९८८. म्हणजे साठ प्रामाणिक मुलांनी साठ लोलक मोजले, तर उत्तरं ९६० पासून ९९५ पर्यंत विखुरलेली दिसायला हवीत. साठही जणांचं ९८१ आलं, याचा अर्थ एकच होतो: लोलक कुणी मोजलाच नाही.

हे कसं घडतं ते तुम्हाला-मला चांगलं माहीत आहे. उत्तर आधी लिहायचं आणि रीडिंग मागून बसवायचं. मुलं त्याला 'रीडिंग कुक करणं' म्हणतात. सीनियरचं जर्नल घरी नेऊन तक्ता उतरवून काढायचा, शेवटच्या दशांश स्थळी जरा फेरफार करायचे, म्हणजे सरांना शंका नको. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन ब्युरेट रीडिंग्जपैकी दोन जुळली की त्याला 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग' म्हणतात. ती पहिल्या झटक्यात जुळवण्याची कला तर मुलांना अकरावीच्या दिवाळीपर्यंत येते. पोरं लबाड आहेत म्हणून हे होत नाही. आपण गुण कशाला देतो, हे ती अचूक ओळखतात. आपण उत्तराला गुण देतो, म्हणून ती उत्तर देतात. त्यांनी आपल्यावर केलेला हा एक यशस्वी प्रयोगच म्हणायचा.

आता माझी चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी परीक्षा घेत होतो. एका मुलीने लोलकाची लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला होता. तिचे बिंदू सुरेख एका ओळीत होते, पण रेषा शून्यातून जात नव्हती. उभ्या अक्षाला चार-पाच मिलिमीटर वर छेदत होती. मी व्हायवात विचारलं, ''ही रेषा आरंभबिंदूतून जायला नको का?'' ती म्हणाली, ''सर, बिंदू तर इथेच आलेत.'' मी तिला खोडरबर दिलं. तिने रेषा खोडली, पट्टी शून्यावर टेकवून नवी ओढली आणि उत्तर बिघडवलं. मी गुण दिले, तेही एक कापून.

पुढची बॅच सुरू होता होता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने दोऱ्याची लांबी गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजली होती, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. प्रत्येक लांबी सारखीच दोनेक सेंटिमीटरने कमी भरली होती. अशा वेळी रेषेचा चढ बदलत नाही, म्हणजे गुरुत्व त्वरण बरोबरच निघतं. फक्त रेषा वर सरकते. आणि किती सरकली यावरून हुकापासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतचं अंतर मोजता येतं. चिमट्यात धरून व्हर्नियरने मोजायची गोष्ट तिच्या आलेखाने आपणहून सांगितली होती. त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत निसर्गाशी खरोखर बोललेली ती एकटी मुलगी होती, आणि ते बोलणं मी खोडरबराने पुसायला लावलं.

स्टाफरूममध्ये माझ्या समोरच्या टेबलावर मानसशास्त्राच्या बाई बसायच्या. ही हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ''सर, तुमचं स्टॉपवॉच माणसाच्या अंगठ्याला बांधलेलं आहे. तुम्ही अंगठ्याला चूक म्हणता. आमचा सगळा विषय त्या अंगठ्यातून निघाला.'' तोवर कला शाखेतले प्रयोग म्हणजे आकृत्या दाखवून गप्पा, असा माझा समज होता. त्यांनी मला जी गोष्ट ऐकवली ती विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी.

ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ आणि डेव्हिड किनब्रुक त्यांचा मदतनीस. दुर्बिणीतल्या तारेमागून तारा नेमका कधी सरकला, हे घड्याळाचे ठोके कानाने मोजत डोळ्याने टिपायचं, असं ते काम. किनब्रुकची रीडिंग्ज साहेबांच्या रीडिंगपेक्षा मागे पडू लागली. समज देऊनही फरक वाढत आठ दशांश सेकंदावर गेला. १७९६ मध्ये त्याला कामावरून काढून टाकलं. गेलं असतं प्रकरण विसरून. पण मॅस्केलिन यांनी ते नोंदवून ठेवलं होतं, आणि वीसेक वर्षांनी कोनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या वाचनात ते आलं. बेसेल यांना वाटलं, हा निव्वळ हलगर्जीपणा नसेल. त्यांनी इतर नामांकित खगोलशास्त्रज्ञांशी आपली रीडिंग्ज ताडून पाहिली. प्रत्येकाचा फरक वेगळा. आर्गेलँडर यांच्याशी तर एका सेकंदाहून जास्त. डोळ्याने पाहणं आणि मनाने ते टिपणं यांत वेळ जातो, आणि तो प्रत्येकाचा निराळा असतो, हे असं उघडकीला आलं. पुढे या प्रतिक्रियाकालाचं मोजमाप हे एका नव्या शास्त्राचं एक मुख्य काम झालं. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडे १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. खगोलशास्त्राने जे चूक म्हणून फेकलं, त्यावर दुसऱ्या विषयाची इमारत उभी राहिली. मॅस्केलिन यांनी किनब्रुकला काढलं, पण त्याचा आकडा खोडला नाही, म्हणून हे झालं. साहेब म्हणून कठोर असतील, पण नोंदवहीशी ते माझ्यापेक्षा इमानदार होते.

त्यानंतर बाईंनी आणि मी मिळून एक प्रयोग मुलांना द्यायला सुरुवात केली. साहित्य: तीस सेंटिमीटरची फूटपट्टी. एकाने पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा झेलतो. पट्टी किती सेंटिमीटर घसरली ते वाचायचं. पडणाऱ्या वस्तूचं सूत्र मुलांना पाठच असतं: १५ सेंटिमीटर घसरली तर १७५ सहस्रांश सेकंद, २० घसरली तर २०२, २५ घसरली तर २२६. भौतिकशास्त्राच्या मुलांना सूत्र मिळालं, मानसशास्त्राच्या मुलांना प्रतिक्रियाकाल. खर्च शून्य.

पण खरी मजा पुढे. बाई मुलांना म्हणायच्या, ''आता असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर मला माहीत नाही.'' पहिल्या दिवशी वर्ग गप्प. अशी मागणी त्यांच्याकडे कुणी कधी केलीच नव्हती. मग हळूहळू प्रश्न आले. खो-खोच्या संघातल्या मुली लवकर झेलतात का? डावऱ्या मुलाने उजव्या हाताने झेललं तर? सकाळच्या पहिल्या तासाला आणि जेवणानंतरच्या तासाला फरक पडतो का? सतराचा पाढा म्हणता म्हणता झेललं तर?

पाढ्याचा प्रश्न एका गटाने उचलला. आधी प्रत्येकाचे दहा झेल पाढ्याविना, मग दहा झेल पाढ्यासह. निकाल उलटाच आला: पाढा म्हणताना झेल सुधारले! मुलांनी आनंदाने फलक रंगवला, 'पाढे म्हणा, चपळ व्हा'. बाईंनी एवढंच विचारलं, ''दहा झेल घेतल्यावर अकरावा सोपा जात नाही का रे?'' मुलं चरफडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग केला. या वेळी प्रत्येक झेलाआधी नाणं उडवलं: छापा आला तर पाढा, काटा आला तर मुकाट्याने. सरावाचा फायदा दोन्हीकडे सारखा वाटला गेला आणि पाढ्याने हात मंदावतो हे दिसलं. मग त्यांच्यातल्याच एकीने शंका काढली: पट्टी सोडणाऱ्याला माहीत असतं की आता पाढा चालू आहे, तो नकळत वेगळ्या तऱ्हेने सोडत असेल. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडणाऱ्याच्या कानात कापसाचे बोळे आले, समोर पुठ्ठा उभा राहिला. अकरावीच्या मुलांनी तीन दिवसांत क्रमाचा परिणाम, यादृच्छिक निवड आणि प्रयोगकर्त्याचा पूर्वग्रह हे तीन धडे पुस्तक न उघडता शिकून टाकले. त्यांचा पहिला, चुकीचा फलक आम्ही फाडू दिला नाही. शेजारी लावून ठेवला.

असा प्रयोग पोरखेळ वाटत असेल तर दोन उदाहरणं सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान जत्रेसाठी १९९६ मध्ये एक प्रयोग मांडला. अंगाला स्पर्श न करता, हात नुसता वरून फिरवून रुग्णाची 'ऊर्जा' जाणवते, असं सांगणारे उपचारक तिकडे रुग्णालयांतसुद्धा होते. एमिलीने मधे पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. उपचारकाने भोकांतून दोन्ही हात पुढे काढायचे. एमिली नाणं उडवून त्यांतल्या एका हातावर आपला हात धरायची आणि विचारायची, कोणत्या हाताजवळ? एकवीस उपचारक, २८० वेळा. बरोबर उत्तरं १२३, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी एवढी आलीच असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

दुसरं उदाहरण पुण्याचं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. शंभर मुलं हुशार म्हणून शिक्षकांनी निवडलेली, शंभर मतिमंद मुलांच्या शाळांतली. त्यांच्या पत्रिका तयार करून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या: हुशार कोण, मतिमंद कोण, एवढं सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी निम्म्याच्या थोडी खालीच. २००९ मध्ये तो शोधनिबंध 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला चौथीतली मुलगी, दुसऱ्या बाजूला जगविख्यात खगोलशास्त्रज्ञ; पण प्रयोगाचा सांगाडा एकच. उत्तर काय यावं हे प्रयोग करणाऱ्याच्या हातात राहू नये, अशी तजवीज आधी करायची आणि मग येईल ते छापायचं. यात महागडं काहीच नाही. आपल्या मुलांना नेमकी हीच तजवीज शिकवायची राहून जाते, कारण आपल्या प्रयोगांचं उत्तर पहिल्यापासून पुस्तकाच्या मागच्या पानावर असतं.

आता प्रदर्शनांच्या परीक्षकांशी थोडं बोलतो, कारण माझी दुसरी चूक तिथली आहे. एका प्रदर्शनात नववीच्या मुलींनी 'किशोरवयीन मुलांमधील ताणतणाव' असा प्रकल्प मांडला होता. इंटरनेटवरून प्रश्नावली घेतली होती. झोप लागते का, रडू येतं का, जगावंसं वाटतं का, असे प्रश्न. वर्गातल्या चाळीस मुलांकडून ती भरून घेतली होती. तक्ता रेखीव, रंगीत स्तंभालेख, अक्षर मोत्यासारखं. मी दुसरा क्रमांक दिला. बाईंना फोटो दाखवला तर त्यांचा चेहराच उतरला. डाव्या रकान्यात मुलांची पहिली नावं होती आणि उजव्या रकान्यात त्यांचे गुण. सगळ्यात वरच्या मुलाच्या नावापुढे लाल शाईत लिहिलेलं होतं: तीव्र. आणि ते प्रदर्शन त्याच्याच शाळेच्या सभागृहात, पालकांसाठी दोन दिवस उघडं होतं.

त्या मुलींचा हेतू चांगलाच होता. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, एवढंच. लोलकाला लाज नसते, माणसाला असते. म्हणून मानसशास्त्राच्या प्रयोगात नियम उलटा होतो: लोलकाचं रीडिंग खोडायचा हक्क कुणालाच नाही, पण माणसाचं रीडिंग खोडायचा हक्क त्या माणसाला आहे. हे मोठमोठ्या प्राध्यापकांनाही ठेचा खाऊनच कळलं. फिलिप झिंबार्डो यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या तळघरात विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी करून ठेवलं. प्रयोग दोन आठवडे चालायचा होता. सहाव्या दिवशी बंद करावा लागला. आता अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात शाळकरी मुलालासुद्धा माणसांवर प्रयोग करायचा असेल तर आधी समितीची परवानगी आणि सहभागी मुलांच्या पालकांची संमती लागते. आपल्याकडे तालुक्याच्या प्रदर्शनात समिती कुठून आणणार? पण एक चिठ्ठी तरी आणता येते. 'हा प्रयोग आहे. नाव लिहिलं जाणार नाही. कधीही मधूनच सोडता येईल.' एवढी तीन वाक्यं. आणि जगावंसं वाटतं का हा प्रश्न मुलांनी मुलांना विचारायचाच नाही. त्याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढे काय करायचं हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. प्रतिक्रियाकाल, स्मरणशक्ती, दृष्टिभ्रम, रंगाचं नाव वेगळ्याच शाईत लिहिलेलं वाचताना होणारी गडबड, हे विषय काय कमी आहेत? स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेली ती रंगांची गंमत मराठी अक्षरांत करून पाहा. 'लाल' हा शब्द हिरव्या खडूने लिहून पहिलीतल्या मुलाला आणि सातवीतल्या मुलाला रंग विचारा. कोण जास्त अडखळेल, यावर स्टाफरूममध्ये पैज लागेल.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. एका बॅचला वीस-पंचवीस मुलं, वेळ अपुरा, लोलकाचे निम्मे स्टँड डगमगणारे. तिकडे नीट आणि सीईटीचा रेटा. पालकांना प्रात्यक्षिकाचे तीसपैकी तीस हवे असतात, प्रयोग नको असतो. कुणाला सत्तावीस दिले तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुलासा करावा लागतो. मोठे बदल वरून व्हावे लागतात हे खरंच. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांपासून तसा प्रयत्न सुरू झाला होता. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, आणि उत्तरं मुद्दाम दिलेली नव्हती. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकात नव्हतंच. आपल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून खेळणी करायला तिथूनच सुरुवात केली. पुढे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत त्यांनी त्याचं केवढं भांडार उभं केलं ते आपण पाहिलं आहे. तीस वर्षं चाललेला होशंगाबादचा तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. म्हणून मी हे पत्र मंत्र्यांना लिहीत नाही. एका सहीने सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या सहीने बंद होते. गुण देणारं पेन मात्र तुमच्या हातात आहे, आणि ते पेन कुठे टेकवायचं याला शासन निर्णय लागत नाही.

तर विनंती अशी.

पहिली, कच्चं पान मागा. जर्नलचं सुबक पान नंतर पाहा. आधी जिथे आकडे पहिल्यांदा उतरवले ते पान पाहा. ते शाईने लिहिलेलं असावं. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण. खोडरबर आणि व्हाइटनर प्रयोगशाळेच्या दाराबाहेर.

दुसरी, व्हायवातला पहिला प्रश्न बदला. 'उत्तर किती आलं?' हे शेवटी विचारा. आधी विचारा, 'कुठलं रीडिंग तुला खटकलं? ते तसं का आलं असेल?' ज्या मुलाकडे खटकणारं एकही रीडिंग नाही, त्याच्याकडे जरा रोखून पाहा. आणि ९६३ आणून त्याचं कारण सांगणाऱ्याला ९८१ वाल्यापेक्षा एक गुण जास्त द्या. एकच. पुढच्या वर्षीच्या बॅचपर्यंत ही बातमी आपोआप पोचेल; सीनियरच्या जर्नलसारखीच.

तिसरी, प्रदर्शनात मॉडेलला दिवे किती आहेत ते मोजू नका. थर्माकोलचा ज्वालामुखी दरवर्षी फुटतो आणि दरवर्षी तोच निष्कर्ष निघतो. विचारा, 'तुला काय निघेल असं वाटलं होतं? आणि काय निघालं?' ही दोन उत्तरं वेगळी असतील तर त्या टेबलापाशी आणखी पाच मिनिटं थांबा.

चौथी, प्रयोगात माणसं असतील तर ती संमतीची चिठ्ठी मागा, आणि तक्त्यात नाव दिसलं तर तो तक्ता तिथल्या तिथे उतरवायला सांगा. बक्षिसाचं नंतर बघू.

त्या आलेखवाल्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिचा बैठक क्रमांकही आठवत नाही. पण ज्यांचे आठवतील अशी मुलं यंदा तुमच्या समोर उभी राहणार आहेत. त्यांतल्या एखाद्याची रेषा शून्यातून जाणार नाही. तेव्हा खोडरबर देऊ नका. लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस, एवढं विचारा.



आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

ता. क. हे पत्र लिहून झाल्यावर नातीने फूटपट्टी धरली आणि मी झेलली. दहा झेलांची सरासरी २४ सेंटिमीटर, म्हणजे २२१ सहस्रांश सेकंद. चौथ्या झेलाला पट्टी हातातून पूर्ण निसटली. तो झेल आडवी रेघ मारून तसाच वहीत ठेवला आहे, आणि त्याच्याऐवजी अकरावा घेतला, हेही शेजारी लिहून ठेवलं आहे.